‘उपलब्धतेनुसार’ या शब्दाची किंमत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांच्या पानभर जाहिराती आता कुणाला नव्या राहिलेल्या नाहीत. हिरवळ, मंदिर, भजनाचा हॉल, कॅरम खेळणारे हसरे आजी-आजोबा. आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: ‘असिस्टेड लिव्हिंग व नर्सिंग सुविधा उपलब्धतेनुसार.’ माणूस पैसे भरतो तो हिरवळ पाहून, आणि आठ-दहा वर्षांनी त्याला गरज पडते ती या बारीक ओळीची. ज्येष्ठांच्या शुश्रूषेच्या कामात असलेले आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत ते एवढ्यासाठीच, की वसाहतीची चौकशी या शेवटच्या ओळीपासून सुरू व्हावी. हिरवळ कुठे पळून जात नाही.

एकाच आवारात काळजीचे चार टप्पे मिळतील, असे साधारण सांगितले जाते. पहिला टप्पा स्वतंत्र राहण्याचा: स्वतःचा फ्लॅट, हवे तर भोजनगृहातले जेवण, केर-फरशीला माणूस. दुसरा टप्पा असिस्टेड लिव्हिंगचा, म्हणजे अंघोळ, कपडे अशा रोजच्या कामांना मदतनीस असण्याचा. तिसऱ्यात चोवीस तास सिस्टर असलेला नर्सिंग (शुश्रूषा) विभाग आणि चौथ्यात स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वेगळी, बंदिस्त जागा. पहिल्यातून दुसऱ्यात कधी जायचे हे ठरवण्यासाठी डॉक्टर सहा गोष्टी पाहतात: अंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, लघवी-शौचावरचा ताबा आणि हाताने जेवणे. यातल्या किती गोष्टींना दुसऱ्याचा हात लागतो, यावर टप्पा ठरतो.

अडचण अशी, की घसरण या सहा गोष्टींपासून सुरू होत नाही. ती औषधाच्या डबीपासून होते. अंघोळ व्यवस्थित, चालणे व्यवस्थित, पण सकाळची रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली जाते, विजेचे बिल राहून जाते, फोनवर कुणी सांगितले म्हणून ओटीपी दिला जातो. असा माणूस सहापैकी सहा गुण मिळवून ‘स्वतंत्र’ ठरतो, आणि खरे तर सर्वांत जास्त धोक्यात तोच असतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे: स्वतंत्र फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून देण्याची आणि त्या घेतल्या की नाही हे पाहण्याची सोय आहे का? असल्यास तिचे पैसे वेगळे आहेत का? बऱ्याच ठिकाणी उत्तर येते, ‘त्यासाठी दुसऱ्या टप्प्यात यावे लागेल.’ म्हणजे गोळ्यांसाठी घर सोडायचे.

आता तो शब्द, ‘उपलब्धतेनुसार’. समजा एका वसाहतीत २०० फ्लॅट आहेत, ३०० माणसे राहतात आणि शुश्रूषा विभागात १२ खाटा आहेत. ताबा मिळाला तेव्हा बहुतेक जण सत्तरीच्या आतबाहेरचे होते, त्यामुळे पहिली काही वर्षे निम्म्या खाटा रिकाम्या. विक्री प्रतिनिधी त्या रिकाम्या खाटाच दाखवतो. पण एकाच वेळी राहायला आलेली माणसे एकाच वेळी म्हातारी होतात. बारा वर्षांनी तीच मंडळी ऐंशीच्या पुढे गेलेली असतात. दहातल्या एकाला जरी खाट लागली, तरी ३० खाटा हव्यात. शिवाय रिकामी खाट चालकाला परवडत नाही. तो ती बाहेरच्या रुग्णाला देतो, गुडघा किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर राहायला येणाऱ्याला, दिवसाच्या चढ्या दराने. त्यात गैर काही नाही. पण तुमची पाळी येते तेव्हा विभाग भरलेला असतो आणि करारात लिहिलेले असते, ‘उपलब्धतेनुसार’.

तेव्हा चार आकडे मागावेत. एकूण खाटा किती, आज भरलेल्या किती, त्यांत बाहेरचे किती, आणि गेल्या वर्षभरात वसाहतीतल्या किती जणांना खाट नाही म्हणून बाहेर जावे लागले. तोंडी आकड्यावर समाधान मानू नये, विभागात चक्कर मारून नावांच्या पाट्या मोजाव्यात. आणि करारात ‘उपलब्धतेनुसार’च्या जागी असे वाक्य घालून घ्यावे: रहिवाशाला गरज असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिल्यापासून इतक्या दिवसांत खाट मिळेल, न मिळाल्यास खाट मिळेपर्यंत त्याच्या फ्लॅटमध्ये दिवसा व रात्री मदतनीस संस्था पुरवेल आणि त्यासाठी विभागातल्या दरापेक्षा जास्त आकार घेणार नाही. हे वाक्य ऐकून समोरचा हसला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

टप्पा बदलायचा निर्णय कुणाचा, हेही लिहून हवे. चालकाला दोन्हीकडून मोह असतो. माणसाला वरच्या टप्प्यात ढकलले की बिल वाढते. आणि माणूस फारच जड झाला, रात्री ओरडू लागला, की ‘आमच्याकडे ही सोय नाही, घेऊन जा’ म्हणणे सोपे. म्हणून मूल्यमापन लेखी असावे, घरच्यांना स्वतःच्या डॉक्टरचे दुसरे मत देता यावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परतीची वाट असावी. खुब्याचे हाड मोडल्यावर माणूस तीन महिने सगळ्यालाच परावलंबी असतो, पण फिजिओथेरपी नेटाने झाली तर पुष्कळदा पुन्हा चालू लागतो. त्या तीन महिन्यांत त्याचा फ्लॅट राखून ठेवला जाणार की दुसऱ्याला दिला जाणार? भाडेतत्त्वावरच्या करारांत हे कलम बहुधा नसतेच.

अमेरिकेत मुलांकडे राहून आलेल्यांच्या मनात एक चित्र असते: एकदा मोठी रक्कम भरली, की शेवटपर्यंत बघतात. तिथेही ते सरसकट खरे नाही. तिथल्या बहुटप्पी वसाहतींत मुख्यतः तीन प्रकारचे करार असतात. ए प्रकारात प्रवेशशुल्क भरपूर, पण पुढे नर्सिंग विभागात गेले तरी मासिक आकार फारसा वाढत नाही. बी प्रकारात शुश्रूषेचे ठरावीक दिवस सवलतीत, नंतर पूर्ण दर. सी प्रकारात जशी सेवा तसे पैसे, म्हणजे आजारपणाचा सगळा भार रहिवाशावर. आपल्याकडे जे विकले जाते ते जवळजवळ सगळे सी प्रकारचे असते, बोलणी मात्र ए प्रकारची. एकरकमी भरलेले पैसे जागेचे असतात, शुश्रूषेचे नव्हे, हे डोक्यात पक्के असावे.

जोडप्यांचा प्रश्न तर कुणी उघडपणे बोलतच नाही. जाहिरातीत दोघे हातात हात घालून चालतात, प्रत्यक्षात दोघे एकाच वेळी आजारी पडत नाहीत. एकाला पार्किन्सन, दुसरा ठणठणीत. मग तीन वाटा उरतात. दोघांनी मिळून असिस्टेड विभागातल्या एका खोलीत जायचे. त्यात ठणठणीत माणसाचा ओटा, गॅलरी, शेजार सगळे जाते आणि ‘दुसऱ्या व्यक्तीचा आकार’ही लागतो. किंवा एकाने विभागात, दुसऱ्याने फ्लॅटमध्ये राहायचे. मग फ्लॅटचा मेंटेनन्स आणि विभागाचे बिल असे दोन खर्च समांतर चालू होतात. किंवा फ्लॅटमध्येच मदतनीस ठेवायचा. ही तिसरी वाट बहुतेकांना हवी असते. नियम इथेच आडवे येतात: बाहेरच्या ब्यूरोची बाई चालेल की संस्थेचीच घ्यावी लागेल, ती रात्री कुठे झोपणार, तिचे जेवण कुणाच्या हिशेबात, तिने लिफ्ट कोणती वापरायची. वन बीएचके घेताना हॉलमध्ये एक दिवाण मावतो का, हे मोजून घ्यावे. दोघांच्या खर्चाचे गणितही दोनदा मांडावे: दोघे धडधाकट असताना, आणि एक विभागात व एक फ्लॅटमध्ये असताना. दुसरा आकडा पेन्शनमध्ये बसत नसेल, तर ती वसाहत तुमच्यासाठी महाग आहे, पहिला आकडा कितीही बसला तरी.

पैशाच्या तीन पद्धती आहेत. मालकी हक्काने फ्लॅट, परत मिळणारी मोठी ठेव, किंवा नुसते मासिक भाडे. मालकीत रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या कायद्याची ढाल असते: नोंदणीकृत विक्रीकरार होईपर्यंत विकासकाला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, प्रकल्पाची कागदपत्रे महारेरा या त्यासाठीच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. पण पुनर्विक्रीच्या अटी वाचाव्यात. घेणाऱ्याचे वय ५५ किंवा ६० हवे अशी अट असते, म्हणजे वारसाला फ्लॅट मिळतो, राहता येत नाही आणि गिऱ्हाईकही मोजकेच. सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झालेली असेल तर हस्तांतरण शुल्क २५,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही. ‘सेवा हस्तांतरण’ अशा वेगळ्या नावाने टक्केवारी लावली असल्यास ती कोणत्या करारातून आली, हे तपासावे.

ठेवीच्या पद्धतीत जास्त जपावे लागते. १५ लाख ठेव आणि ‘दरवर्षी १० टक्के वजा’ अशी अट असेल, तर सहाव्या वर्षी ९ लाख गेलेले असतात. ती ठेव नव्हे, आगाऊ भाडे. उरलेली रक्कम किती दिवसांत परत, की ‘पुढचा रहिवासी आल्यावर’ परत? मृत्यूनंतर खोली रिकामी करायला किती दिवस आणि त्या दिवसांचा आकार कोणत्या दराने? हे सगळे पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरच्या ‘सेवा करारा’त गुंडाळलेले असते. राहण्याच्या जागेचा भाग वेगळा काढून लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्यावा. महाराष्ट्रात तो नोंदवणे कायद्याने बंधनकारकच आहे. आणखी एक खड्डा: राहते घर विकून ठेव भरली, तर घर विकून घर घेण्यावर मिळणारी भांडवली नफ्याची करसवलत मिळत नाही, कारण ठेव म्हणजे घरखरेदी नव्हे. सनदी लेखापालाला सौदा झाल्यावर नव्हे, आधी विचारावे.

मासिक आकार आज किती यापेक्षा तो कसा वाढतो, हे पाहावे. ३०,००० रुपये दरसाल ८ टक्क्यांनी वाढले तर नवव्या वर्षी दुप्पट, ६०,००० च्या घरात जातात, आणि अठराव्या वर्षी चौपट. अडुसष्टाव्या वर्षी आलेला माणूस शहाऐंशीचा होतो तेव्हा सव्वा लाखाजवळ, तेही पहिल्याच टप्प्यात राहिला तर. ‘महागाईनुसार वाढ’ हे शब्द मान्य करू नयेत, कमाल टक्का लिहून घ्यावा आणि गेल्या पाच वर्षांची प्रत्यक्ष बिले कुणा रहिवाशाकडून पाहावीत. डायपर, हातमोजे, एअर बेड, ऑक्सिजन, डॉक्टरची फेरी, ॲम्ब्युलन्स यांतले काय आकारात आणि काय वर? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसाला चार-पाच डायपर लागतात, महिन्याला सव्वाशे-दीडशे. आकड्यात जीएसटी धरला आहे का, हेही विचारावे. धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढच्यांसाठी राहणे, जेवण व देखभाल मिळून महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या आकारावर जीएसटी माफ आहे; खासगी कंपनीला ही माफी नाही.

आरोग्यविमा आहे म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. मेडिक्लेम रुग्णालयातल्या उपचाराचा असतो. सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेले आयुष्मान भारतचे पाच लाखांचे कवचही रुग्णालयाचेच. रोज अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे याचे पैसे यांतले कुणी देत नाही, आणि बहुटप्पी वसाहतीत सर्वांत मोठा आणि सर्वांत लांबलेला खर्च नेमका हाच असतो.

इमारतीबद्दल थोडक्यात, कारण याचे निकष आता छापील आहेत. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले: ९०० मिलिमीटर रुंद दारे, बोलणारी व दिव्याने दाखवणारी लिफ्ट, स्ट्रेचर मावेल अशी किमान एक लिफ्ट, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, न्हाणीघरात आधाराचे दांडे, बाहेर उघडणारे दार. टेप घेऊन जावे. स्ट्रेचर साडेसहा फुटांचा असतो, लिफ्ट तिरकी मोजून चालत नाही. उतार बाराला एक हवा, म्हणजे दीड फूट जोत्याला अठरा फुटांचा रॅम्प. अनेक ठिकाणी आठ फुटांत उरकलेला असतो, त्यावर व्हीलचेअर ढकलणाराही घसरतो. आधाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकून पाहावा. टॉवेलचा रॉड आणि आधाराचा दांडा लांबून सारखेच दिसतात.

न्हाणीघरात एक गोष्ट मात्र खाली बसून पाहावी, अक्षरशः फरशीवर बसून. मदतीची घंटा कुठे आहे? चार फुटांवर भिंतीत बटण असेल, तर ते उभ्या माणसासाठी आहे. पडलेल्या माणसाचा हात फार तर फूटभर वर जातो. म्हणून बटणाला फरशीपासून चार बोटांवर येणारी दोरी हवी, आणि ती फरशी पुसताना अडते म्हणून वर गुंडाळून ठेवलेली नसावी. बहुतेक ठिकाणी ती गुंडाळलेलीच असते. दोरी ओढावी आणि घड्याळ लावून बसावे. कोण येते, किती मिनिटांत येते, आणि आल्यावर बाहेरून कडी उघडता येते का? दार आत उघडणारे असेल तर पडलेला माणूसच दाराला अटकाव होतो. ही परीक्षा दुपारी चारला घेऊन उपयोग नाही, रात्री घ्यावी.

कारण रात्रच खरी. ‘आमच्याकडे २० मदतनीस आहेत’ हे वाक्य असे वाचावे: आठवड्याचे तास १६८, एका माणसाचे कामाचे तास ४८, म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसे, सुट्ट्या-आजारपण धरून चार. २० जण म्हणजे कोणत्याही क्षणी हजर सरासरी पाच. प्रत्यक्षात दिवसा सात आणि रात्री दोन-तीन अशी वाटणी होते. तीस परावलंबी माणसांना रात्री तीन मदतनीस, आणि एकाची कूस बदलायला दोघे लागतात. बारा-बारा तासांच्या पाळ्या असतील तर पहाटे पाचला मदतनीस दमून पेंगुळलेला असतो, आणि म्हातारी माणसे लघवीला उठताना पडू शकतात ती याही वेळी. तेव्हा प्रश्न ‘किती कर्मचारी’ हा नाही. ‘रात्री दोन वाजता या मजल्यावर किती’ हा आहे. आणि त्यात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली सिस्टर किती, आणि पांढरा कोट घातलेल्या मावशी किती?

नर्सिंग विभागाला १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी आहे का, हेही विचारावे. नसेल, तर ‘नर्सिंग’ म्हणजे तिथे नेमके काय करतात, ते लेखी घ्यावे: नाकातल्या नळीने (रायल्स ट्यूब) भरवणे, लघवीची नळी बदलणे, इन्सुलिन, ऑक्सिजन, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणे), जखमेचे ड्रेसिंग. यातली एखादी गोष्ट करत नसतील, तर ती लागेल त्या दिवशी माणूस बाहेर.

इन्सुलिनवरून सगळ्या यंत्रणेची नाडी कळते. जेवणाआधी अर्धा तास देण्याचे इन्सुलिन असते. सिस्टर सातला सुरुवात करून दहा खोल्या उरकते, ताटे मात्र भोजनगृहातून साडेआठला निघतात. पहिल्या खोलीतल्या आजोबांची साखर सत्तरच्या खाली गेलेली, त्यांना घाम फुटलेला, ते चिडचिड करताहेत, आणि वहीत नोंद होते: ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ दोष सिस्टरचा नसतो, स्वयंपाकघर आणि नर्सिंग यांचे वेळापत्रक कुणी एकत्र बसून लावलेले नसते. संध्याकाळी सात ते नऊ विभागात बसून हे पाहता येते. सुई कधी, ताट कधी. बसू देत नसतील तर प्रश्नच मिटला.

दुसरी नाडी बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांची. हलता न येणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. खाटेजवळ त्याचा तक्ता टांगलेला असावा. तक्त्यावर सहा, आठ, दहा अशा नीटस वेळा एकाच पेनाने, एकाच अक्षरात असतील, तर तो सकाळी चहाच्या वेळी भरलेला आहे. आजच्या घडीला विभागात किती जणांना बेडसोर आहेत आणि त्यातले किती इथे आल्यावर झाले, असे विचारावे. ‘एकालाही नाही’ या उत्तरापेक्षा ‘दोघांना आहेत, एकाला रुग्णालयातूनच घेऊन आले होते’ हे उत्तर आम्हाला जास्त विश्वासाचे वाटते.

स्मृतिभ्रंशाच्या विभागात दारे, कुलपे, कॅमेरे सगळे दाखवतात. भाषा कुणी विचारत नाही. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा आधी जाते. आयुष्यभर हिंदी-इंग्रजीत नोकरी केलेला माणूस शेवटी मराठीवरच येतो, त्यातही गावाकडच्या. मदतनीस मात्र झारखंड-ओडिशातून आलेली मुले-मुली असतात, कामाला चांगली, पण ‘पोटात कळ येते’ हे त्यांना कळत नाही, आणि न कळलेल्या दुखण्याची बेचैनी ‘आक्रमकपणा’ ठरून झोपेची गोळी मिळते. पाळीत किमान एक मराठी बोलणारे माणूस हवे, आणि खाटेशी एक कागद लावावा: शू, शी, तहान, दुखतंय, नको, आई, असे पंधरा-वीस शब्द, त्यांचे हिंदी अर्थ आणि आजी-आजोबांना घरात काय म्हणून हाक मारायचे ते. हात बांधणे आणि झोपेचे औषध यांबद्दलचे धोरण लेखी मागावे. घरच्यांना न कळवता दोन्ही नाही. कवळी, चष्मा, कानाच्या यंत्रावर नाव घालून द्यावे. कवळी हरवलेला माणूस वजनाने उतरतो आणि त्याला ‘जेवत नाही’ म्हणतात.

प्रायोगिक मुक्काम किमान दोन आठवड्यांचा असावा, आणि पुण्याच्या आसपास तो डिसेंबरात करू नये. डिसेंबरात सगळेच छान असते. एकदा जुलैत राहावे: पॅसेज ओले होतात का, वीज गेल्यावर लिफ्ट किती वेळात सुरू होते, नाल्यावरून ॲम्ब्युलन्स येते का. एकदा मे महिन्यात: पाणी दिवसातून किती वेळ, टँकरचे पैसे कुणाच्या बिलात. हा मुक्काम संपेपर्यंत जुने घर विकू नये, मुलांच्या नावे तर मुळीच करू नये. करायचेच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट घालावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे २३ वे कलम उपयोगी पडते ते अशी अट असली तर. आणि ज्या रुग्णालयाशी ‘टायअप’ आहे म्हणतात, तिथल्या चौकशी खिडकीवर जाऊन विचारावे. टायअप म्हणजे कधी कॅशलेस दाखल, कधी नुसता भिंतीवर चिकटवलेला फोन नंबर. रात्री बरोबर कोण जाणार आणि अनामत कोण भरणार, हे मुले परदेशात असलेल्यांनी तर नक्कीच ठरवून ठेवावे.

त्याच घरांसाठी आणखी एक. मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले म्हणजे काम झाले, हा समज चुकीचा आहे. करार कायद्याच्या २०१ व्या कलमानुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्रही संपते. म्हणजे स्मृतिभ्रंशात, जेव्हा त्याची गरज असते, तेव्हाच ते उपयोगाचे राहत नाही. मग पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावे लागते. त्यामुळे मासिक बिल ज्यातून जाते ते खाते शहाणपण शाबूत असतानाच ‘दोघांपैकी कुणीही’ पद्धतीचे करून घ्यावे. शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर हवा की नको, याची वैद्यकीय इच्छाही तेव्हाच लिहावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली ही पद्धत २०२३ मध्ये सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. तिची प्रत वसाहतीच्या फाइलमध्ये नव्हे, खाटेशेजारच्या खणात असावी. रात्री ॲम्ब्युलन्स येते तेव्हा ऑफिसला कुलूप असते.

सरकारकडे मागणी एवढीच आहे. महारेराने भिंती, दारे, लिफ्ट यांचे निकष ठरवले, ते चांगले झाले. केंद्राच्या २०१९ च्या नमुना मार्गदर्शक तत्त्वांत विकासक, सेवा पुरवणारी संस्था आणि रहिवासी अशा त्रिपक्षीय कराराची कल्पना आहे. ती राज्याने सक्तीची करावी. सेवा देणारी कंपनी मध्येच निघून गेली तर इमारत उरते आणि शुश्रूषा जाते, हा धोका फक्त तिसऱ्या सहीने कमी होतो.

आणि एक विनंती आपल्यालाही. ‘असिस्टेड लिव्हिंग’ हे शब्द असलेली जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागाने तीन आकडे मागून छापावेत: शुश्रूषा विभागातल्या खाटा, रात्रपाळीतले मदतनीस, आणि गेल्या पाच वर्षांत मासिक आकार किती टक्क्यांनी वाढला. हिरवळीचा फोटो थोडा लहान झाला तरी चालेल.

आपले,
ज्येष्ठांच्या शुश्रूषा क्षेत्रातील काही कार्यकर्ते, पुणे